सहा वर्षं भिंतींवर टॅग केले, आता पहिली परवानगीची भिंत मिळतेय. सही कुठल्या नावाने करू?

रातपाळी_रेघ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

सहा वर्षं ग्राफिटी करतोय, रात्री, न विचारता. सुरुवात मार्करने, मग स्प्रेचे कॅन, मग चौघांची क्रू जमली आणि रात्रीची झोप गेली ती गेलीच. टॅग, म्हणजे भिंतीवरची माझी सही, एकच आहे, चार अक्षरं. कुठली ते इथे सांगत नाही, का ते कळेलच तुम्हाला. दिवसा प्रिंटिंगच्या ऑफिसात डिझाइन करतो, तिथे कुणाला पत्ता नाही.

तर झालं असं की एका पुलाखालच्या माझ्या पीसचा (मोठ्या रंगीत कामाचा) फोटो कुणीतरी टाकला, तो फिरत फिरत एका माणसापर्यंत गेला आणि त्याने इन्स्टावर मेसेज केला. त्याची तीन मजली इमारत आहे, बाजूची अख्खी भिंत कोरी आहे, खिडकी नाही काही नाही. म्हणतो तुझ्या स्टाइलमध्ये काहीतरी कर, मटेरियलचा खर्च माझा, "आणि तुझं नाव होईल". त्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस अडकलोय, कारण नाव म्हणजे नक्की कुठलं नाव?

टॅगने सही केली तर जुनं सगळं माझ्या डोक्यावर येणार. खऱ्या नावाने केली तर मला ओळखतो कोण? त्यात क्रूमधल्या एकाने सरळ सांगितलंय की दिवसाढवळ्या लिफ्टवर (माणसाला वर उचलणारं मशीन) चढून रंगवणार असशील तर आमच्यात येऊ नकोस. तो गमतीत म्हणाला की खरंच, अजून कळलेलं नाही.

मला ह्यातच पुढे जायचंय, म्हणजे नोकरी सोडून, पोट भरेल असं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा कुठून सुरुवात केली. फुकट करू का ही पहिली?

---

जुनाट_कॅप

फुकट करू नकोस, हे आधी. बाकीचं सावकाश सांगतो.

मी तुझ्या जागी होतो त्याला बरीच वर्षं झाली, आता पूर्णवेळ म्युरलच, म्हणजे मोठी भित्तिचित्रं, करतो. नावाचा घोळ माझाही झाला होता. माझं मत विचारशील तर हात तोच ठेव, सही बदल. लोक अक्षरं लक्षात ठेवतात असं आपल्याला वाटतं, पण टॅग वाचता येतो तो फक्त आपल्याच लोकांना, बाकी जगाला ती गिचमिड दिसते. त्या मालकाने तुला मेसेज केला तो तुझी चार अक्षरं वाचून केला का? त्याने रंग बघितले, आकार बघितला, तुझी जी काय वळणं असतील ती बघितली. ते सगळं नव्या नावाबरोबर येतं.

आणि जुनं नाव मागे लागतं म्हणजे कसं लागतं, तर अमेरिकेतल्या शेपर्ड फेअरीचं बघ, तोही रस्त्यावरचाच कलाकार. १९८९ साली कॉलेजात असताना एका पैलवानाच्या चेहऱ्याचा स्टिकर काढला, तोच वर्षानुवर्षं जिथे तिथे चिकटवत राहिला, २००८ मध्ये ओबामाचं होप पोस्टर केलं आणि घराघरात पोचला. एवढं झाल्यावर २००९ च्या फेब्रुवारीत बोस्टनच्या म्युझियममध्ये त्याचं स्वतःचं प्रदर्शन सुरू होत होतं, त्या कार्यक्रमाला निघालेला असताना पोलिसांनी उचलला. पुढे २०१५ मध्ये डेट्रॉइटमध्ये तर कमालच, एका उंच बिल्डिंगवर रीतसर बोलावून त्याच्याकडून प्रचंड म्युरल करून घेतलं आणि त्याच मुक्कामात गावात इतर ठिकाणी पोस्टरं चिकटवली म्हणून गुन्हा दाखल. ती केस नंतर कोर्टाने काढून टाकली, पण त्याच्याकडे वकील होते. तुझ्याकडे आहे का वकील?

म्हणून एक नियम मी स्वतःला घातला. ज्या दिवशी पहिल्या करारावर सही केली त्या दिवसापासून विनापरवाना एक रेघ नाही. जुनं जुन्या जागी राहू दे, त्याचे फोटो नव्या अकाउंटवर टाकू नकोस, कितीही आवडते असले तरी. सगळ्यात अवघड हेच जातं, कारण आपलं बेस्ट काम बहुतेक वेळा चुकीच्या भिंतीवर असतं.

आता माझ्या पहिल्या भिंतीची गोष्ट सांगतो. नवं कोरं प्लास्टर होतं, मी खूश, कारण इतकी सपाट भिंत आयुष्यात मिळाली नव्हती. पाच दिवस रंगवली, मोठा चेहरा होता, फोटो काढले, पैसे घेतले. दोन महिन्यांत मालकाचा फोन. जाऊन बघतो तर चेहऱ्याच्या गालावर पांढरी भुकटी फुटलेली, बोट लावलं की पिठासारखी हाताला येत होती, आणि जबड्याखाली रंगाचे फोड, नखाने दाबला तर पापुद्रा अख्खा सुटून आला. प्लास्टर सुकलेलंच नव्हतं. सिमेंटच्या प्लास्टरला चार आठवडे तरी द्यावे लागतात, त्यात अल्कली असते, वर अल्कली सहन करणारा प्रायमर लागतो, ओल आतून बाहेर येताना क्षार घेऊन येते, हे सगळं मला त्या पांढऱ्या गालाने शिकवलं. पुन्हा खरवडून स्वतःच्या खिशातून रंगवली. कॅन कंट्रोल सहा वर्षांत शिकतो आपण, भिंत वाचायला कुणी शिकवत नाही, कारण रात्रीच्या कामाला भिंत टिकली काय न टिकली काय, सकाळी बफ होणारच असते, म्हणजे कुणीतरी वरून रंग मारून पुसणारच.

---

पुसलं_तरी

घ्या, अजून एक गेला. मालकाच्या बिल्डिंगला फुकटचा मेकअप करून देणार आणि त्याला करिअर म्हणणार.

ग्राफिटी म्हणजे न विचारता लिहिणं. विचारून केलं की ती सजावट झाली. सजावट करायला माझी ना नाही, पण मग टॅगचं नाव तिथे नेऊ नकोस, ते नाव त्या भिंतीचं नाही. तुझा क्रूवाला बरोबर बोलतोय.

ब्लू नावाचा इटालियन आहे, बघ त्याने काय केलं. बर्लिनमध्ये क्रॉइत्सबर्गला त्याची दोन मोठी म्युरल्स होती, लोक लांबून बघायला यायचे. जागेवर नवं बांधकाम येणार, म्युरल बघत बघत घरं महाग विकली जाणार असं दिसल्यावर २०१४ च्या डिसेंबरात त्याच्या संमतीने ती काळ्या रंगाने झाकून टाकली. २०१६ मध्ये बोलोन्यातली स्वतःची कामं त्याने राखाडी रंगाने पुसली, कारण तिथे रस्त्यावरची चित्रं काढून म्युझियममध्ये मांडायला निघाले होते. ह्याला म्हणतात नाव राखणं.

---

कागदपत्री

मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणजे कलाकार नाही. मोठ्या भिंतींची कामं ठरवणाऱ्या एका टीममध्ये आहे, कलाकार निवडायचे, करार, लिफ्ट, परवानग्या हे सगळं माझ्याकडे असतं. त्यामुळे आम्ही काय बघतो ते सांगते, पुसलं_तरी यांना राग येईल, येऊ दे.

डिग्री कुणी विचारत नाही. फॉलोअर किती हेही वाटतं तेवढं कुणी बघत नाही. आम्ही बघतो की ह्या माणसाने याआधी मोठ्या आकारात काम केलंय का आणि ठरलेल्या तारखेला संपवलंय का. हातभर कागदावर सुंदर काढणारे ढीगभर येतात, तेच तीन मजल्यांवर चढवलं की नाक एका मजल्यावर आणि ओठ दुसऱ्याच दिशेला. म्हणून तुझी ही पहिली भिंत पैशासाठी जेवढी महत्त्वाची आहे त्याहून जास्त तिच्या फोटोंसाठी आहे. काम सुरू व्हायच्या आधीची कोरी भिंत, मधले टप्पे, शेजारी माणूस उभा करून मापाचा एक, आणि शेवटचा अगदी समोरून. ढगाळ हवेत किंवा ऊन भिंतीवर यायच्या आधी काढ, तिरक्या उन्हात प्लास्टरचा प्रत्येक खड्डा चित्रावर सावली पाडतो.

कराराचं म्हणशील तर दोन पानं पुरतात, पण ती हवीत. मेसेजमधलं "चालेल रे करून टाक" हा करार नाही. त्यात काय हवं ते मला सुचेल तसं लिहिते. कामाचं माप आणि जागा. स्केच किती वेळा बदलून देणार, मी म्हणेन दोनदा, तिसऱ्यांदा बदल हवा तर त्याचे वेगळे पैसे, नाहीतर मालकाचा मेहुणासुद्धा सूचना द्यायला लागतो. भिंत तयार करून द्यायची जबाबदारी कुणाची (त्याची, त्याची, त्याचीच). लिफ्ट किंवा परांची कोण आणणार आणि पावसाने काम थांबलं तर त्या दिवसांचं भाडं कोण भरणार. हा शेवटचा मुद्दा नवे लोक हमखास विसरतात आणि सगळी कमाई लिफ्टवाला घेऊन जातो. पैसे तीन टप्प्यांत, सुरुवातीला अर्धे तरी, कारण रंग तू आधी विकत घेणार. काम मधेच रद्द झालं तर किती मिळणार तेही लिहून घे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे भिंत त्याची, चित्र तुझं. चित्राचा कॉपीराइट तुझ्याकडेच राहतो हे स्पष्ट लिही. त्याने उद्या ते चित्र टीशर्टवर छापलं किंवा जाहिरातीत वापरलं तर त्याचे वेगळे पैसे. पुसायचं असेल तर अमुक दिवस आधी लेखी कळवायचं, म्हणजे निदान शेवटचे फोटो तरी काढता येतात.

हे उगाच सांगत नाहीये. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये फाइव्ह पॉइंट्झ म्हणून एक जुना कारखाना होता, मालकाच्या परवानगीने तिथे जगभरातले लोक येऊन पीस करायचे. २०१३ च्या नोव्हेंबरात मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला. २१ कलाकार कोर्टात गेले. तिथे १९९० चा एक कायदा आहे ज्यात मान्यता मिळालेल्या कलाकृतीची अशी नासधूस करता येत नाही, त्याखाली २०१८ मध्ये निकाल लागला. ४५ चित्रं, प्रत्येकी दीड लाख डॉलर, एकूण साडेसदुसष्ट लाख. २०२० मध्ये वरच्या कोर्टानेही तो कायम केला. न्यायाधीशाला खटकलं ते हे की मालकाने रीतसर नोटीस देऊन वाट बघायला हवी होती, त्याने पाडकामाची परवानगी हातात यायच्या कितीतरी आधीच रंग मारून टाकला. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण कलाकाराचं नाव लावायचा आणि चित्राची विटंबना होऊ नये म्हणायचा हक्क बर्न करारातही (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) आहे आणि तो बहुतेक देशांनी कुठल्या ना कुठल्या रूपात घेतलाय.

---

पुसलं_तरी

>> २१ कलाकार कोर्टात गेले

गेले कारण नावं होती, परवानगी होती. मी म्हणतोय ते वेगळं आहे. जे परवानगीने झालं त्याला कोर्ट वाचवतं, जे नाही झालं ते उपरं. ही वाटणीच मला मान्य नाही.

---

कागदपत्री

@पुसलं_तरी, मान्य असो नसो, वाटणी आहे. आणि मधल्या जागेतलंही एक उदाहरण आहे. २०१८ मध्ये एच अँड एमच्या एका जाहिरातीत रेवोक नावाच्या कलाकाराचं भिंतीवरचं काम मागे दिसत होतं. त्याने नोटीस दिली, कंपनी उलट कोर्टात गेली की हे विनापरवाना काढलेलं, ह्याला कसला कॉपीराइट. त्यावर एवढा गदारोळ झाला की कंपनीने खटलाच मागे घेतला. म्हणजे प्रश्न सुटला नाही, पण उपऱ्या भिंतीच्या बाजूनेही लोक उभे राहिले.

---

खडूचा_तुकडा

मधे बोलतो, मी कलाकार नाही, फक्त ह्या विषयाचं वेड आहे. सेलआउटचा, म्हणजे पैशासाठी विकला गेला की नाही हा वाद वाचून राहवलं नाही, हा वाद ग्राफिटीएवढाच जुना आहे.

टाकी १८३ म्हणून न्यूयॉर्कचा एक पोरगा होता, कुरिअरचं काम करायचा, त्या निमित्ताने शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने नाव आणि गल्लीचा नंबर लिहायचा. १९७१ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली आणि पाहता पाहता त्याच्यासारखे शेकडो झाले. म्हणजे जे "खरं" मानतो आपण तेसुद्धा पेपरात नाव आल्यावरच पसरलं.

न्यूयॉर्कच्याच कीथ हॅरिंगचं मला सगळ्यात जास्त पटतं. १९८० ते ८५ सबवेच्या स्टेशनांवर जाहिरातीच्या ज्या पाट्या रिकाम्या असायच्या त्यांवर काळा कागद चिकटवलेला असायचा, त्याच्यावर हा पांढऱ्या खडूने काढायचा. पकडायचे, दंड व्हायचा. खडू, म्हणजे उद्या नवी जाहिरात लागली की गेलं. पण हजारो लोक रोज तिथून जायचे आणि रेघ ओळखायला लागले. रांगणारं बाळ, भुंकणारं कुत्रं. सही नसली तरी कळायचं कुणाचं आहे. १९८६ मध्ये त्याने स्वतःचं दुकान काढलं, पॉप शॉप, टीशर्ट, बिल्ले, पोस्टर. तेव्हाही लोक म्हणाले विकला गेला. त्याचं म्हणणं होतं की गॅलरीत न जाणाऱ्यालाही घेता आलं पाहिजे. त्याच वर्षी त्याने ड्रग्जविरुद्ध हँडबॉल कोर्टाच्या भिंतीवर न विचारता नारिंगी रंगात मोठं चित्र काढलं, त्याबद्दल दंड झाला, आणि मग शहराच्या उद्यान खात्यानेच त्याला त्याच भिंतीवर पुन्हा काढायला सांगितलं. तर सांगा, एकच भिंत, एकच हात, आधी ग्राफिटी होती आणि नंतर सजावट झाली का?

कॉज नावाच्या अमेरिकन कलाकाराचंही तसंच. बसथांब्यावरच्या जाहिराती फ्रेममधून काढून न्यायचा, घरी त्यावर डोळ्यांच्या जागी फुल्या असलेलं ते कवटीवालं डोकं असं सफाईने रंगवायचा की छापलेलंच वाटावं, आणि परत जागेवर लावून यायचा. १९९९ मध्ये जपानमध्ये त्याची पहिली खेळण्याची बाहुली निघाली, पुढे २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात एक चित्र जवळजवळ दीड कोटी डॉलरला गेलं. ह्या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते मला, रस्त्यावर असतानाच एक आकार पक्का केला आणि तोच घेऊन पुढे गेले. रातपाळी, तुझा तसा आकार कुठला?

---

रातपाळी_रेघ

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, पुसलं_तरी तुमचेसुद्धा, खरंच.

खडूचा_तुकडा, तुमचा प्रश्न वाचून गप्पच झालो. अक्षरांचं म्हणशील तर माझं तिसरं अक्षर नेहमी खाली वाकतं, पायऱ्या उतरतंय असं, लोक त्यावरून ओळखतात. चित्रात म्हणाल तर गेली दोन वर्षं मी पाठमोरी माणसं काढतो, चेहरा नाही, फक्त पाठ, आणि पाठीवर काहीतरी लादलेलं. ते का ते मलाही माहीत नाही, चेहरे जमायचे नाहीत म्हणून सुरू केलं असावं. पुलाखालचंही तेच होतं.

एक प्रश्न. निनावी राहून चालणार नाही का? ब्रिटनच्या बँक्सीला चाललंय की, ग्राफिटीवालाच तो.

---

कागदपत्री

बँक्सी एकच आहे, आणि त्याच्या मागे अख्खी यंत्रणा आहे. २०१८ च्या लिलावात हातोडा पडल्या पडल्या चित्र फ्रेमच्या आतल्या श्रेडरमधून अर्धं कापून निघालं आणि तेच अर्धं कापलेलं २०२१ मध्ये एक कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेलं, असलं आपल्याला जमणार आहे का :)

पण त्यालाही निनावीपणाची किंमत मोजावी लागली. त्याने फुलं फेकणाऱ्या माणसाचं चित्र युरोपात ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं होतं. एका शुभेच्छापत्रं करणाऱ्या कंपनीने आव्हान दिलं, २०२० मध्ये ट्रेडमार्क रद्द झाला, आणि निर्णयात हेही आलं की स्वतःची ओळखच लपवलेली असल्यामुळे चित्राचा मालक हाच हे ठामपणे सिद्ध करता येत नाही.

तुझ्यासाठी साधी गोष्ट. लोकांना टोपणनाव दाखव, करारावर आणि बिलावर खरं नाव लिही. बँक खातं टोपणनावाने उघडत नाहीत. हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, अर्धे कलाकार असेच काम करतात. फक्त ते टोपणनाव जुन्या टॅगपेक्षा वेगळं असावं या बाबतीत मी जुनाट_कॅप यांच्याशी सहमत आहे.

---

जुनाट_कॅप

पाठमोरी माणसं. बस, हेच तुझं नाव. सही कोपऱ्यात काय टाकायची ती टाक.

आता पैशाचं. चौरस फुटाचा दर विचारतील सगळे, सांगू नकोस लगेच. आधी दिवस मोज. स्केचचे दिवस, भिंत धुवून प्रायमर मारायचे, रंगवायचे, आणि हवेसाठी दोन-तीन जास्तीचे. ऑफिसात एक दिवसाचे तुला जेवढे मिळतात त्याहून कमीत उन्हात लिफ्टवर का उभा राहशील? दिवसांचे पैसे काढ, त्यात रंग, लिफ्ट, मदतनीस मिळव, मग हवं तर चौरस फुटाने भागून त्याला आकडा सांग.

आणि सगळं कॅनने करायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे नवे फसतात. तीन मजली भिंत म्हणजे समज ९ मीटर रुंद आणि ११ उंच, शंभर चौरस मीटरच्या आसपास. ४०० मिलीच्या एका कॅनमधून फार तर दीड-दोन चौरस मीटर नीट झाकला जातो, म्हणजे एका हाताला पन्नास-साठ कॅन उडाले. तेच बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक रोलरने मारलास तर एका हाताला दहा-बारा लिटरमध्ये होतं. मोठे सपाट भाग रोलर, कडा आणि छाया कॅन. फॅट कॅप (जाड फवाऱ्याची) आणि स्किनी कॅप (बारीक फवाऱ्याची) दोन्ही भरपूर ने, वर लिफ्टवर कॅप चोंदली की खाली यायला पाच मिनिटं जातात. थांबताना कॅन उलटा धरून फवारा रिकामा करायची सवय असेलच.

रंग निवडताना भडक लाल, पिवळा, फ्लुओरोसंट जपून वापर, उन्हात तेच आधी उडतात. काव, गेरू, आयर्न ऑक्साइडचे लाल-तपकिरी वर्षानुवर्षं हलत नाहीत. तुझ्या पाठमोऱ्या माणसांना तेच रंग शोभतील असं आपलं मला वाटतं, बाकी तुझं चित्र.

मास्क. रात्री फडकं बांधून करत असशील, मीही तेच करायचो. आता दिवसाला आठ तास कॅनसमोर उभा राहणार आहेस, तर सेंद्रिय वाफेचा आणि कणांचा असा दोन्ही फिल्टर असलेला रेस्पिरेटर घे, त्यावर ए२पी३ लिहिलेलं असतं. साध्या धुळीच्या मास्कने रंगाचे कण अडतात, सॉल्व्हंटची वाफ सरळ आत जाते.

---

रातपाळी_रेघ

मापं बरोबर ओळखलीत, ९ बाय साडेदहा आहे. पण एवढ्या मोठ्यावर स्केच चढवायचं कसं? रात्री आम्ही सरळ डोळ्याने मारतो, पण ते माणसाच्या उंचीचं असतं. प्रोजेक्टर लावावा तर समोर रस्ता आहे, लांब नेता येत नाही.

---

जुनाट_कॅप

डूडल ग्रिड. चौकोनांची जाळी आखत बसू नकोस, त्या भिंतीवर सरळ रेघ मारण्यात दिवस जाईल. भिंतभर वाट्टेल त्या खुणा मार, गोल, फुली, एखादं अक्षर, मासा, जिना, काय हवं ते, हातभर अंतरावर आणि शेजारशेजारच्या दोन सारख्या नकोत. मग रस्त्याच्या पलीकडून समोरून फोटो काढ. फोनमध्ये त्या फोटोवर तुझं स्केच अर्धं पारदर्शक करून बसव. आता लिफ्टवर उभं राहून बघायचं की खांद्याची रेघ माशाच्या शेपटीतून निघून फुलीच्या डाव्या टोकाला जाते, तशी ओढायची. वर असताना पूर्ण चित्र दिसतच नाही, नाकासमोर फक्त मासा आणि फुली असते, म्हणून हे जमतं. खुणा नंतर रंगाखाली जातात, फक्त गडद रंगाने मारू नकोस, वरून फिकट रंग आला की मासा डोकावतो. माझ्या एका आकाशात अजून एक त्रिकोण दिसतो.

---

पुसलं_तरी

लिफ्टवर चढलेल्याला मी काय सांगणार. पण पाठमोरी माणसं वाचून एक बोलतो. मालक म्हणेल चेहरा टाक, हसरा टाक, पाठीवरचं ओझं काढून फुगे दे. तिथे नाही म्हणालास तर मी तुझ्या क्रूवाल्याशी बोलेन. हो म्हणालास तर नको.

---

कागदपत्री

हे मात्र शंभर टक्के. आणि म्हणूनच स्केच करारालाच जोडून दोघांनी त्यावर सही करायची. फुगे मग आपोआप टळतात.

---

रातपाळी_रेघ

अपडेट. आज मालकाला भेटलो. आधी हातात दोन पानं दिली तर तो हसला, म्हणाला ग्राफिटीवाले कधीपासून करार करायला लागले. मग वाचली. पैशाला घासाघीस झाली, पण मजुरी द्यायला तयार झाला, अर्धे आधी. पुसायच्या आधी लेखी कळवायचं मान्य केलं. छापायचं काही करायचं असेल तर वेगळं बोलू, हेही मान्य. फुग्यांचं नाही बोलला, पण पाठीवरचं ओझं बघून "हे एवढं जड कशाला" म्हणाला, मी म्हटलं तेच तर चित्र आहे. गप्प बसला. स्केचवर सही अजून व्हायचीय.

क्रूवाल्याला फोन केला. म्हणाला, बोलू नंतर. ठेवून दिला. दहा मिनिटांनी मेसेज आला, लिफ्ट कुणाची आणणार, मी खाली उभा राहीन.

भिंत नीट बघून आलो. प्लास्टर जुनं आहे, पण डाव्या कोपऱ्यात पाण्याचा पाइप उतरतो, त्याच्या शेजारी हात लावला तर गार लागतंय. मालक म्हणतो ओल नाहीये, सावलीमुळे गार आहे.

---

जुनाट_कॅप

मालकाचा शब्द आणि भिंतीचा शब्द यात भिंतीचा धर. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा घे, त्या जागेवर चारही कडांना टेप मारून हवाबंद चिकटव. एक दिवस-रात्र राहू दे. सकाळी आतल्या बाजूने थेंब दिसले तर ओल आतून येतेय, आधी पाइप दुरुस्त करायचा, मग सुकू द्यायची, मग प्रायमर. कोरडं निघालं तर लाग कामाला. दुसरा एक तुकडा उजव्या कोपऱ्यातही लाव, तुलनेला.

---

रातपाळी_रेघ

चिकटवून आलोय दोन्हीकडे. उद्या सकाळी फोटो टाकतो.

---

रातपाळी_रेघ

उजवीकडचा कोरडा ठणठणीत. डावीकडे आतून अख्खा घामेजलाय, टेप सोडवली तर पाण्याचा एक ओघळ भिंतीवरून खाली आला. मालकाला तिथेच उभा करून दाखवला. प्लंबर सोमवारी येतोय.